कपाशीवर तीन फवारे झाले, तुडतुडे तसेच. चौथा कोणता मारू?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी भावाचा आहे. पाच एकर बीटी कपाशी, लागवड २० जूनची, आज पीक ७० दिवसांचं. आतापर्यंत तीन फवारे झालेत. पहिला ३० व्या दिवशी ॲसिफेट-इमिडाक्लोप्रिडच्या तयार मिश्रणाचा. दुसरा ४५ व्या दिवशी थायामेथोक्झाम, त्यात टॉनिक आणि १९:१९:१९ हे विद्राव्य खत. तिसरा ६० व्या दिवशी प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचा, 'अळी येऊ नये म्हणून'. दर वेळी एकरी सात पंप पाणी. तरी पानं कडेनं पिवळी पडून खाली वळताहेत, झाड हलवलं की पांढरी माशी उडते, आणि शेंड्याची काही पानं भेंडीच्या पानासारखी लांबट झालीत. शेवटी लिहिलंय, 'आता एखादं जालीम औषध सांगा, दोन मिसळून मारायची असली तरी चालतील.'

भाऊ, औषधाचं नाव सांगतो, पण थोडं पुढे. तोवर दोन दिवस पंप खुंटीला टांगून ठेवा. तीन फवाऱ्यांत जे चुकलं ते कळल्याशिवाय चौथा मारला तर आठवड्याभरात पाचव्याचं नाव विचारायला याल.

तुम्ही तीन डबे आणले, नावं तीन वेगळी. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम यांचं कूळ मात्र एकच. ॲसिटामिप्रिड, क्लोथियानिडिन, डायनोटेफ्युरॉन ही त्यांचीच भावंडं. या सगळ्यांना निओनिकोटिनॉइड म्हणतात आणि किड्याच्या मज्जासंस्थेतल्या एकाच ठिकाणी ती जाऊन बसतात. आता जरा मागं जा. पाकिटातल्या सरकीला रंग होता ना? तो शोभेचा नव्हता. बीटी बियाण्याला बहुधा याच कुळातलं औषध लावून येतं आणि उगवल्यापासून साधारण ३० ते ४० दिवस ते रोपाला रस शोषणाऱ्या किडींपासून सांभाळतं. म्हणजे ३० व्या दिवसाचा तुमचा पहिला फवारा, निदान त्यातला इमिडाचा भाग, ज्याचा पहारा अजून चालू होता त्याचाच दुसरा पहारेकरी होता. ४५ व्या दिवशी तिसरा आला. ७० दिवसांत एकाच कुळाच्या औषधाखाली तुडतुड्यांच्या तीन-चार पिढ्या गेल्या. त्या औषधाला बधणारे होते ते मेले, न बधणारे उरले आणि त्यांचीच पिलावळ आज पानामागं बसलीय. दुकानदार त्याच कुळातलं चौथं नाव देईल, डबा नवा असेल आणि बिल मोठं असेल, पण पानामागं काही फरक पडणार नाही.

डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. खाली बारीक अक्षरात लिहिलेला असतो तो घटक. चष्मा लावून तो वाचा. घटकाचं नाव कागदावर लिहून खिशात ठेवा आणि पुढच्या खेपेला दुकानात 'यातलं नको, दुसऱ्या गटातलं द्या' म्हणा. काही डब्यांवर गटाचा आकडाही छापलेला असतो. निओनिकोटिनॉइडचा ४ए, ऑरगॅनोफॉस्फेटचा (ॲसिफेट, प्रोफेनोफॉस यांचं कूळ) १बी, पायरेथ्रॉइडचा ३ए. लागोपाठच्या दोन फवाऱ्यांत हा आकडा तोच नको, एवढं सांभाळलं तरी निम्मी लढाई झाली.

तिसऱ्या फवाऱ्याचं मला जास्त वाईट वाटलं. अळी दिसली नव्हती, तरी 'येऊ नये म्हणून' मारला. त्यातलं सायपरमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड. किडा पटकन पालथा पडतो, म्हणून शेतकऱ्याला आवडतं. पण कपाशीत ९० दिवसांच्या आत पायरेथ्रॉइड मारलं की दहा-पंधरा दिवसांनी पांढरी माशी उसळते, हे आमच्या पिढीनं पुन:पुन्हा पाहिलंय. तिला खाणारे मित्रकीटक आधी मरतात, आणि काही पायरेथ्रॉइडच्या हलक्या मात्रेनं माशीचं अंडी घालणं वाढतं, असंही आढळलंय. तुमचा फवारा ६० व्या दिवशी, माशी ७० व्या दिवशी. तारखाच बोलताहेत.

मित्रकीटक म्हटलं की लोक मान डोलावतात आणि सोडून देतात, म्हणून एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एक शेतकरी काडेपेटीत काहीतरी घेऊन आले. 'साहेब, नवीन अळी आली, पानभर फिरते, कालच फवारा मारला.' पेटी उघडली तर आत बोटाच्या नखाएवढा, काळपट, पाठीवर नारिंगी ठिपके असलेला, मगरीच्या पिल्लासारखा काटेरी प्राणी. ढालकिड्याची अळी होती ती. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला गोल किडा सगळे ओळखतात, पण त्याचं पोर कोणी ओळखत नाही. हे पोर दिवसभर मावा खात फिरतं. त्या भावानं आपल्या बाजूनं लढणारी फौजच औषध मारून संपवली होती, वर पैसेही खर्च केले होते. तशीच क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाची अंडी. पानावर केसासारख्या देठावर पांढरा ठिपका उभा दिसला तर तो पुसू नका. कोळी दिसले तर तेही राहू द्या.

पंजाब-हरियाणात २०१५ साली पांढऱ्या माशीनं कपाशीचं मोठं नुकसान केलं, ते बातम्यांत आलं होतं. शेतकऱ्यांनी फवारे काही कमी मारले नव्हते.

आता मोजणी. पंप टांगून ठेवा म्हटलं ते यासाठी. सकाळी आठच्या आत शेतात जा. त्या वेळी पांढरी माशी सुस्त असते, पान उलटलं तरी लगेच उडत नाही. ऊन चढल्यावर मोजायला गेलात तर हाती काही लागणार नाही. बांधाकडच्या चार-पाच ओळी सोडा, बांधावर कीड नेहमीच जास्त दिसते आणि मन घाबरतं. आत तिरकस चालत जा आणि एकरात २० झाडं निवडा. निवडा म्हणजे वाईट दिसणारी शोधू नका, दहा पावलं टाकून जे झाड समोर येईल ते घ्या. प्रत्येक झाडाची तीन पानं बघायची, एक शेंड्याकडचं, एक मधलं, एक खालचं. देठ दोन बोटांत धरून पान हळूच उलटं करा, झटका देऊ नका. हिरवट, पाचरीच्या आकाराचा, तिरका चालणारा किडा म्हणजे तुडतुडा. बोट जवळ नेलं की तो खेकड्यासारखा आडवा सरकतो, याहून सोपी खूण नाही. माव्याचा थवा कोवळ्या शेंड्यावर आणि पानामागं असतो, आणि त्याच्या खालच्या पानावर चिकटा पडून चकाकतं. पिवळसर, बारीक, शिरेला लागून लपणारे ते फुलकिडे. त्यांनी खरवडलेली जागा पानामागं चंदेरी दिसते.

आकडे वहीत लिहा आणि सरासरी काढा. पानामागं २ ते ३ तुडतुडे, किंवा १० मावा, किंवा १० फुलकिडे, किंवा ८ ते १० पांढऱ्या माश्या, याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. म्हणजे याच्या खाली कीड जेवढं नुकसान करते त्यापेक्षा औषध आणि मजुरीचा खर्च जास्त. पातळीच्या खाली असेल तर फवारायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी. शेजाऱ्याचा पंप वाजतोय म्हणून आपला काढायचा नाही. पिवळे चिकट सापळे लावले असतील तर उत्तम, पण ते कीड आली हे सांगायला असतात. चार कार्डांनी पाच एकरांतली माशी आटोक्यात येत नाही.

पानं खाली वळून कडा पिवळ्या पडताहेत, यावरून तुडतुडे पातळीच्या वर असतील असा माझा अंदाज आहे. तसंच निघालं आणि माशी ५-६ च्या आत असली, तर चौथा फवारा फ्लोनिकॅमिड ५० टक्के डब्ल्यूजीचा घ्या (डब्ल्यूजी, डब्ल्यूपी, एससी ही अक्षरं औषध दाणेदार, पूड की पातळ ते सांगतात). उलाला म्हणून मागता ते हेच. त्याचा गट वेगळा आहे, आधीच्या तिन्हींशी नातं नाही, आणि ढालकिड्याला ते बऱ्यापैकी सौम्य आहे. एक इशारा मात्र आधीच देतो. हे औषध किड्याला जागेवर पाडत नाही. सोंड खुपसून रस ओढणं तेवढं थांबतं आणि किडा दोन-चार दिवसांत उपाशी मरतो. दुसऱ्या दिवशी शेतात गेलात तर तुडतुडे पानावर बसलेलेच दिसतील. तेवढ्यावरून 'औषध बोगस निघालं' म्हणत पाचवा फवारा काढू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी मोजा.

माशीच जास्त निघाली, दहाच्या वर, तर डायफेन्थ्युरॉन ५० टक्के डब्ल्यूपी किंवा बुप्रोफेझिन २५ टक्के एससी. बुप्रोफेझिन पिल्लांची कात टाकणं अडवतं, उडणारी माशी त्यानं मरत नाही. त्यामुळं पानामागं खवल्यासारखी चिकटलेली पिल्लं जास्त दिसत असतील तेव्हाच त्याचा उपयोग. डायफेन्थ्युरॉन मोठ्या माशीवरही चालतं, पण मारणाऱ्यानं पुरतं अंग झाकल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. त्याबद्दल खाली लिहिलंय.

निंबोळी अर्काचं कोणी सुचवेलच. मी निंबोळीचा विरोधक नाही. पहिले ४०-५० दिवस तुमच्या इमिडाऐवजी ५ टक्के अर्क मारला असता तर आज हा प्रश्न आला नसता. ५ किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्यानं गाळायचा, २०० ग्रॅम साबणचुरा टाकून पाणी १०० लिटर करायचं, एवढीच कृती. अंडी घालायला येणाऱ्या माशीला तो परतवतो आणि पिल्लांची वाढ अडवतो. पण तुडतुडे पातळीच्या दुप्पट झाल्यावर निंबोळीच्या भरवशावर बसणं म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणं.

आता तुमचे 'एकरी सात पंप'. माझ्या मते निम्मा घोळ इथंच आहे. फ्लोनिकॅमिडची शिफारस हेक्टरी १५० ग्रॅम, म्हणजे एकरी ६० ग्रॅम. पाणी हेक्टरी ५०० लिटर, म्हणजे एकरी २०० लिटर. तुमचा पंप १५ लिटरचा असेल तर २०० लिटरला १३ पंप झाले, आणि ६० ग्रॅम भागिले १३ म्हणजे पंपाला साडेचार ग्रॅमच्या आसपास. आता तुम्ही साडेचार ग्रॅम टाकून सातच पंप मारले तर एकरात गेलं साडेएकतीस ग्रॅम. निम्मा डोस! वरची पानं ओली होतात, खालची आणि पानामागची कोरडीच राहतात, आणि रस शोषणारी कीड राहते कुठं तर पानामागंच. अर्ध्या डोसातून वाचलेला किडा तेच औषध पचवायला शिकलेला असतो. काही जण उलटंही करतात. पंप सात, पण दर पंपात दुप्पट औषध. एकरी हिशेब जुळतो, पण पान काही पुरतं भिजत नाही आणि मारणाऱ्याच्या अंगावर दाट विष उडतं. ७० दिवसांच्या दाटलेल्या कपाशीला हातपंपानं १३ पंप लागतातच. पेट्रोलवरच्या पॉवर पंपाला पाणी कमी लागतं, तिथं एकरी ग्रॅमचा आकडा तोच धरून पंपामागचं औषध वाढवावं लागतं. म्हणून 'पंपाला किती?' हा प्रश्नच विचारू नका. 'एकराला किती?' विचारा आणि आपल्या पंपांच्या संख्येनं भागा.

डायफेन्थ्युरॉन हेक्टरी ६०० ग्रॅम, म्हणजे एकरी २४०, १३ पंपांत पंपाला साधारण १८ ग्रॅम. बुप्रोफेझिन हेक्टरी १००० मिली, एकरी ४००, पंपाला ३० मिली. आणलेल्या डब्यातल्या माहितीपत्रकाशी हे आकडे पडताळून घ्या. आणि बाटलीच्या टोपणानं मोजणं बंद करा. एका बाटलीचं टोपण दहाचं, दुसरीचं पंधराचं. खोकल्याच्या औषधाबरोबर येतं तसलं मापाचं झाकण फवारणीच्या औषधांच्या पेटीत कायम ठेवा, त्यावर लाल रंगानं फुली मारा आणि ते घरात नेऊ नका. ग्रॅमची औषधं साध्या डिजिटल तराजूवर एकदा तोलून पुड्या बांधल्या की गडी पंपाला एक पुडी टाकत जातो, चुकत नाही.

दुसऱ्या फवाऱ्यात कीटकनाशक, टॉनिक आणि विद्राव्य खत एकाच पंपात गेलं. मजुरी वाचते, हे मला कळतं. पण ज्याला जे मिसळायचं ते आधी बादलीभर पाण्यात घेऊन अर्धा तास ठेवून बघा. खाली गाळ बसला, फेस आला, दही फाटल्यासारखं दिसलं तर ते पंपात घालू नका. आपल्या भागात विहिरीचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारवट, अल्कधर्मी असतं. तसल्या पाण्यात ऑरगॅनोफॉस्फेटची औषधं टिकत नाहीत, त्यांचं विघटन लवकर होतं. म्हणून द्रावण करून जेवायला जाऊ नये, केलं की लगेच मारावं. नाल्याचं गढूळ पाणी तर नकोच, काही औषधं मातीला चिकटून बसतात. आणि माझं वैयक्तिक मत विचाराल तर कपाशीतल्या टॉनिकांपैकी बहुतेकांचा पैसा हिरवेपणा बघण्यात जातो. युरिया किती टाकला ते तुम्ही लिहिलं नाही. काळीभोर, लुसलुशीत पऱ्हाटी (कपाशीची झाडं) दिसत असेल तर पुढची युरियाची गोणी थांबवा, तुडतुड्यालाही तीच पानं गोड लागतात.

भेंडीच्या पानासारखी पानं वाचून मी कपाळावर हात मारला. हा कीड-रोग नाही, फवारून जाणारही नाही. २,४-डी या तणनाशकाचा हा छाप आहे. कपाशी त्याला इतकी हळवी की धुतलेल्या पंपात राहिलेला अंशही पुरतो. तुमच्याच पंपानं धुऱ्यावर किंवा ज्वारीत तणनाशक मारलं होतं का, ते आठवा. नसेल तर शेजाऱ्याच्या शेतातून वाऱ्यावर आलंय. एकरभर पसरलं नसेल तर झाडं बहुतेक सावरतील, नवी फूट नीट येईल. पण तणनाशकाचा पंप वेगळा ठेवायचा, त्यावर रंगानं 'तण' लिहायचं आणि तो कधीही कीटकनाशकासाठी वापरायचा नाही. नोझलसुद्धा वेगळं. कीटकनाशकाला पोकळ शंकूचा फवारा देणारं, तणनाशकाला पट्ट्यासारखा.

पुढं महिनाभरात पानं लाल दिसायला लागली तर तेव्हाही लगेच औषधाकडं धावू नका. बोंडं भरताना मॅग्नेशियम-नत्राची कमतरता आणि थंड रात्री यांनी लाल्या येतो. तुडतुड्याचा लालपणा कडेकडून येतो आणि पान वळलेलं असतं, लाल्याचं पान सपाटच राहून लाल होतं. त्याला कीटकनाशक कशाला?

आता बोंडअळी, कारण तुमच्या मनात खरी भीती तीच आहे. बीटी कपाशी २००२ मध्ये आली, दोन जनुकांची बोलगार्ड-२ ही २००६ मध्ये. हिरवी आणि ठिपक्यांची अळी तिनं बऱ्यापैकी अडवली. गुलाबी अळी मात्र आता दोन्ही जनुकं पचवते. २०१७ च्या हंगामात आपल्याकडं तिनं बोंडं पोखरून किती नुकसान केलं ते तुम्ही पाहिलंय. ती अंड्यातून निघाली की काही तासांत पात्यात (कळीत), फुलात किंवा बोंडात शिरते आणि शिरलेलं छिद्र बोंड वाढताना बुजून जातं. आत बसलेल्या अळीपर्यंत कुठलंच औषध पोचत नाही. म्हणून फवाऱ्याची वेळ पतंगावरून ठरते. अळी दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, गुलाबी अळीच्या गॉसीप्लुर ल्युअरचे, म्हणजे त्या वासाच्या आमिषाचे, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. पीक वाढलं की सापळाही वर सरकवा. हे कोणी करत नाही, आणि सापळा पानांत बुडाला की रिकामाच राहतो. रोज सकाळी पतंग मोजून फेका. सलग तीन रात्री सापळ्यामागं ८ किंवा जास्त पतंग आले तर फवारायचं. सोबत आठवड्याला एकदा एकरात वीस हिरवी बोंडं तोडून विळ्यानं चिरा. गुलाबी काही दिसेल म्हणून शोधू नका, लहानपणी ही अळी पांढरीच असते, डोकं तेवढं काळपट. बोंडाच्या आतल्या भिंतीवर चामखिळीसारखा उंचवटा दिसला तर ती तिथून आत गेलीय. विसात एक-दोन बोंडांत जिवंत अळी निघाली की पातळी गाठली. फुलं गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली दिसली तर त्या डोमकळ्या. त्या तोडून खिशात टाका, बांधावर फेकू नका, शेताबाहेर जाळा.

त्या वेळी प्रोफेनोफॉस ५० टक्के ईसी किंवा इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी, यांपैकी एक, एकटं. पायरेथ्रॉइड पुढं १०० दिवसांनंतर, लागलंच तर. पोळ्याच्या अमावस्येला फवारायची आपल्याकडं रीत पडलीय. अंधाऱ्या रात्री पतंग अंडी जास्त घालतो, या समजुतीत तथ्य आहे, पण अमावस्या सगळ्या जिल्ह्याला एकाच दिवशी येते आणि अळी प्रत्येक शेतात वेगळ्या दिवशी. सापळ्यावर विश्वास ठेवा. आणि डिसेंबर-जानेवारीत वेचा संपला की पऱ्हाटी उपटा. पाणी आहे म्हणून फरदड, म्हणजे वेचा संपल्यावरही उभी कपाशी, ठेवली की अळीला पुढच्या जूनपर्यंत घर मिळतं.

आता राहिला मारणारा माणूस. २०१७ साली याच तुमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढलेली होती, हवा दमट होती, घामानं कपडे अंगाला चिकटत होते आणि पंपात दोन-तीन औषधं एकत्र होती. विष बहुतेक वेळा तोंडातून जात नाही, कातडीतून आत शिरतं. ओल्या झाडांतून चालताना मांड्या, पोट, हात भिजतात. म्हणून आपण फवारलेल्या ओळीत शिरायचं नाही, वारा पाठीवर घेऊन मागं सरकत मारायचं. महागाचं किट नसेल तर खताची रिकामी गोणी उभी कापून, नीट धुऊन, कमरेला बांधा, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत समोरून झाकलं जाईल अशी. हातमोजे रबरी हवेत. कापडी मोजे विष शोषून हातालाच बांधून ठेवतात. तोंडाला रुमाल लावला म्हणजे काम झालं असं नाही, डोळ्यांना चष्मा हवा.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. दादा, मला माहीत आहे गडी ऐकत नाही. पण औषध कालवलेल्या हातानं खर्रा घोटून तोंडात टाकणं म्हणजे औषध चाखणंच आहे. फवारा संपून साबणानं हात-तोंड धुवेपर्यंत पुडी पंपाजवळ येता कामा नये. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, जुना टूथब्रश सोबत ठेवा. एकाच माणसानं सलग चार-पाच दिवस फवारू नये, सकाळी सुरू करून उन्हाआधी आटोपावं.

बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक, तोंडाला लाळ, दरदरून घाम, मळमळ, पोटात मुरडा, धूसर दिसणं, अंगाचं मांस फडफडणं, यातलं काही दिसलं तर माणसाला सावलीत आणा, कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि १०८ ला फोन करा. दूध-तूप पाजू नका, उलटी काढायचा प्रयत्न करू नका. डबा किंवा त्यातलं माहितीपत्रक सोबत न्या. कोणत्या घटकाची बाधा आहे यावर डॉक्टरांचं औषध ठरतं. ऑरगॅनोफॉस्फेटला ॲट्रोपिन चालतं, डायफेन्थ्युरॉनला असा ठरलेला उतारा नाही. म्हणूनच त्याच्याबद्दल वर कडक लिहिलं. डब्यावरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण लाल असेल तर सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे पिण्याजोगा नव्हे, आणि पिवळ्या-निळ्यातली बरीच औषधं मधमाशीला लालपेक्षा कमी नाहीत.

पक्कं बिल घ्या, बॅच नंबर त्यावर लिहून घ्या. उद्या माल खोटा निघाला तर त्या कागदाशिवाय कोणी दाद घेणार नाही.

परवा सकाळी मोजून मला चार आकडे कळवा: पानामागं सरासरी तुडतुडे किती, पांढरी माशी किती, मावा किती, आणि वीस झाडांवर मिळून ढालकिडे, त्यांची पिल्लं, क्रायसोपा किती. सोबत तुमचा पंप किती लिटरचा आणि हातचा की बॅटरीचा तेही लिहा, म्हणजे पंपाला किती ग्रॅम ते तुमच्यापुरतं काढून देतो. तोवर कृषी केंद्रात गेलात तर ल्युअर तेवढे घेऊन या, पाच एकरांना दहा.